एकदाचं

निवृत्त झालो त्या संध्याकाळी शाल, श्रीफळ आणि सहकाऱ्यांनी वर्गणी काढून दिलेला मिक्सर घेऊन घरी पोचतो न पोचतो, तोच मामीचा फोन आला.

"सुटलास रे बाबा एकदाचा!"

मामी आता चौऱ्याऐंशीची आहे. माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक सुखाची पावती तिनेच फाडलेली आहे. मला बँकेत नोकरी लागली तेव्हा "लागली एकदाची" म्हणाली. लग्न ठरलं तेव्हा "ठरलं एकदाचं." घराचं कर्ज फिटलं तेव्हा "फिटलं एकदाचं." लेकीच्या लग्नात मुलीकडचे म्हणून आम्ही सगळे डोळे पुसत होतो, तेव्हा मागून माझ्या पाठीवर हात ठेवून "उजवलीस एकदाची" म्हणाली. आणि बारा वर्षांपूर्वी, पाच महिने अंथरुणाला खिळून मामा गेले, तेव्हा पदराने नाक पुसत ती म्हणाली, "सुटले हो एकदाचे."

निवृत्तीच्या दिवशी तो मिक्सर मांडीवर घेऊन बसलो असताना माझ्या लक्षात आलं, की आता मामीच्या यादीतलं माझं एकच 'एकदाचं' शिल्लक आहे.

'एकदाचं' हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की त्याचं काम आपल्याला दिसत नाही. त्याचा जुळा भाऊ आहे 'एकदा का'. एकदा का दहावी झाली की सुटलो. एकदा का नोकरी लागली, एकदा का जागा झाली, एकदा का मुलं मार्गी लागली, की मग काय, आरामच आराम. 'एकदा का' हे चढायचं स्टेशन, 'एकदाचं' हे उतरायचं. मधला सगळा प्रवास लोंबकळत. मराठी माणसाला सुख झालेलं कधी दिसत नाही, तो फक्त सुटलेला दिसतो. परीक्षेतून सुटतो, कर्जातून सुटतो, मुलीच्या काळजीतून सुटतो. परक्या माणसाने आमचं बोलणं ऐकलं तर त्याला वाटेल हे लोक संसार करत नाहीत, शिक्षा भोगतायत.

माझ्या वडिलांचं 'एकदा का' अगदी स्पष्ट होतं. ते म्हणजे स्वतःचा संडास.

गिरगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं राहत होतो. गॅलरीच्या टोकाला मजल्यावरच्या बारा बिऱ्हाडांत तीन संडास. पहाटे डालडाचा डबा हातात धरून वडील रांगेत उभे राहत, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विठ्ठलाच्या दर्शनबारीत असते तशी शांत निराशा असे. "एकदा का स्वतःची जागा झाली..." एवढंच म्हणून ते थांबत, आणि त्या तीन टिंबांत काय आहे ते आम्हा सगळ्यांना माहीत असे. १९८३ साली डोंबिवलीला जागा झाली. वास्तुशांतीला गुरुजी आले, त्यांनी कलश हॉलमध्ये मांडला, पण वडिलांचं लक्ष दुसऱ्याच दाराकडे होतं. महिनाभर ते खूश होते. दुसऱ्या महिन्यात म्हणाले, "इथे सकाळी कुणी भेटतच नाही."

चाळीचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. चाळीचे गोडवे चाळ सोडलेलेच गातात, तेही अ‍ॅटॅच्ड बाथरूम असलेल्या खोलीत बसून. वडिलांचं मात्र खरं होतं. त्या रांगेत बहिणीचं स्थळ समजलं होतं, काकांना नोकरी सुचवली गेली होती, गावसकर बाद होता की नव्हता यावर दोन पिढ्यांचं वैर सुरू झालं होतं. आता माझ्या घरात दोन संडास आहेत. दोन्ही आतून बंद असतात, कारण घरात एकट्याने मोबाइल बघायला तेवढीच जागा उरली आहे. दाराबाहेर आम्ही अजून रांगेतच असतो. बोलत कुणी नाही, इतकाच फरक.

वडिलांच्या पिढीचा शब्द 'मार्गी लागणे' होता. आमच्या पिढीने त्याचं 'सेटल' केलं. मुलगा सेटल आहे का? अमेरिकेत सेटल आहे? मग अजून लग्नाचं का नाही बघत, सेटल व्हायला नको? हा शब्द ऐकला की मला हसू येतं, कारण सदतीस वर्षं मी तो रोज कागदावर लिहिला आहे. बँकेत क्लेम सेटल होतो तो खातेदार वारल्यावर. वारस येतात, मृत्यूचा दाखला जोडतात, सह्या होतात, शिक्का बसतो: सेटल्ड. त्यानंतर त्या खात्यात काहीही होत नाही. नातेवाईक ज्या उत्साहाने तरुण पोरांच्या मागे 'सेटल हो, सेटल हो' म्हणून लागतात, तो पाहून मला नेहमी वाटतं की यांना वारसाहक्काची फारच घाई झालेली आहे.

माझी लेक आणि जावई पुण्यात भाड्याने राहतात. फ्लॅट घ्यायचा नाही असं दोघांनी ठरवलं आहे. मामीला हे कळलं तेव्हा तिने दोन दिवस गुडघ्याचं औषध घेतलं नाही. "भाड्याच्या घरात सुख लागतं का?" हा तिचा प्रश्न मी इमाने इतबारे लेकीला पोचवला. लेक म्हणाली, "बाबा, तुमचं कर्ज फिटलं त्या दिवशी तुम्ही काय केलंत?" मी आठवून बघितलं. जागेची मूळ कागदपत्रं पिशवीत घालून, पिशवी छातीशी धरून गाडीने घरी आलो. कपाटाच्या खणात ठेवली. हात धुतले. जेवायला दुधीची भाजी होती. वीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो क्षण डोंबिवली स्टेशनापासून दुधीपर्यंत टिकला. रिक्षाने तेवढं अंतर अकरा मिनिटांचं आहे.

तर, निवृत्तीनंतर वेळच वेळ असल्यामुळे मी या विषयाचा अभ्यास करायचं ठरवलं. सुखाचा अभ्यास करणारी माणसं जगात बरीच आहेत, आणि त्यांना त्याचा पगार मिळतो, हे समजल्यावर मला पहिलं दुःख झालं.

दरवर्षी मार्चमध्ये देशांच्या सुखाची यादी येते. २०२५ च्या यादीत १४७ देशांत आपण ११८ वे होतो. फिनलंड पहिला, तोही २०१८ पासून सलग आठव्यांदा. डिसेंबरात जिथे दुपारी साडेतीनच्या आत सूर्य मावळतो तो देश पहिला आणि आम्ही ११८, म्हटल्यावर सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणाला हे सगळं कारस्थान आहे. दुसरा म्हणाला, पाकिस्तान १०९ वा आहे. त्यानंतर दोन्ही तट एक झाले आणि दिवसभर ग्रुपवर कमालीचं समाधान नांदलं.

ही यादी काढतात कशी ते पाहिलं तर प्रकार फारच साधा निघाला. माणसाला सांगतात, एक शिडी डोळ्यांपुढे आणा. तळाची पायरी शून्य, वरची दहा. दहा म्हणजे तुमचं जास्तीत जास्त चांगलं होऊ शकेल असं आयुष्य. आता तुम्ही कोणत्या पायरीवर आहात? बस्स, एवढंच. मी घरातच प्रयोग केला. बायकोला शिडी सांगितली. ती म्हणाली, "बरं झालं आठवण केलीत, माळ्यावरचे फराळाचे डबे काढायचेत. चढा." मग मामीला फोन केला. मामीने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेन सात-आठवर. पण तू पाच लिही." का? तर "दृष्ट लागते."

आपण ११८ वे का, याचं उत्तर मला तिथेच मिळालं. ज्या मुलखात गोंडस बाळाच्या गालाला मुद्दाम काजळाची तीट लावतात, नव्या घराला काळी बाहुली टांगतात, तिथे परक्या माणसाने विचारलं म्हणून कोण दहावी पायरी सांगेल? आमच्याकडे "कसं काय?" याला "चाललंय" हे उत्तर आहे. लॉटरी लागलेला "चाललंय" म्हणतो, दिवाळं निघालेला "चाललंय" म्हणतो. फरक फक्त मान हलवण्यात असतो, आणि ती मान प्रश्नावलीत येत नाही.

लॉटरीवरून आठवलं. १९७८ साली अमेरिकेत तिघा अभ्यासकांनी इलिनॉय राज्यातल्या बावीस लॉटरी विजेत्यांना गाठून विचारलं, बाबांनो, सुखी झालात का? त्यांच्या शेजारपाजारच्या, लॉटरी न लागलेल्या बावीस जणांनाही विचारलं. दोघांच्या सुखात म्हणावा तसा फरक निघाला नाही. उलट एक गंमत निघाली. नाश्ता करणं, मित्राशी बोलणं, एखादा विनोद ऐकणं असल्या रोजच्या गोष्टींत विजेत्यांना शेजाऱ्यांपेक्षा कमी मजा वाटत होती. म्हणजे लॉटरी लागली की कांदेपोहे बेचव होतात. हे वाचून मी खरंच हळहळलो. कारण आमच्या रोजच्या लोकल गाडीतल्या ग्रुपने महाराष्ट्र राज्य लॉटरीची तिकिटं वर्षानुवर्षं वर्गणीने घेतली. लागलं कधीच काही नाही, पण ठाण्यापासून दादरपर्यंत आम्ही ते एक कोटी इतक्या वेळा वाटून घेतलेत, की वाटणीवरून दोघांचं बोलणं तीन महिने बंद होतं. एवढा आनंद प्रत्यक्ष एक कोटीने दिला असता असं मला वाटत नाही. पोहे मात्र वाचले.

पैशाचं प्रकरण तरी एकदा निकाली निघावं, तर तेही नाही. २०१० साली डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी सांगितलं, की वर्षाला पंचाहत्तर हजार डॉलरच्या आसपास रोजचा आनंद वाढायचा थांबतो. डॉलर असल्यामुळे आमच्या सोसायटीत कुणालाच काळजी वाटली नाही. २०२१ मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांनी सांगितलं, थांबत नाही, वाढतच जातो. आता आपल्याकडे काय झालं असतं? एकमेकांवर लेख, मग परिसंवाद, मग परिसंवादात न बोलावल्याबद्दल पत्रक. कानेमन आणि किलिंग्जवर्थ या दोघांनी काय करावं? बार्बरा मेलर्स या बाईंना मध्यस्थ घेतलं, शेजारी बसले, एकमेकांचे आकडे तपासले आणि २०२३ साली मिळून निबंध छापला. दोन विरुद्ध मतांची माणसं एकत्र बसून आकडे तपासतात ही गोष्ट मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत सांगितली. खजिनदारांनी ती वैयक्तिक घेतली. असो. निबंधाचं सार असं, की बहुतेकांचा आनंद पैशाबरोबर वाढत राहतो. मात्र जे मुळात सर्वांत दुःखी आहेत त्यांचं दुःख एका रकमेपर्यंतच कमी होतं, पुढे पैसा त्यांना हसवू शकत नाही. या निष्कर्षासाठी त्यांना तेरा वर्षं लागली. आमच्या धाकट्या काकांना एकदा चहाला बोलावलं असतं तर काम दहा मिनिटांत झालं असतं.

आणि मग मला तो अभ्यास सापडला ज्याने माझी झोप उडवली. २००४ सालचा. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना कालचा दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवायला लावला आणि प्रत्येक प्रसंगी कसं वाटत होतं ते विचारलं. मुलांना सांभाळण्याचा आनंद टीव्ही बघण्याच्या खाली निघाला. हे मी मामीला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. पण सगळ्यांत तळाला काय होतं? सकाळी कामावर जाण्याचा प्रवास.

मी हिशेब मांडला. दिवसाचे अडीच तास, वर्षाचे २८० दिवस, सदतीस वर्षं. एकूण २५,९०० तास. म्हणजे मी जवळजवळ तीन वर्षं अखंड, रात्रंदिवस, मनुष्यजातीच्या सर्वांत दुःखी अवस्थेत काढली, आणि मला कुणी सांगितलंच नाही.

आमची सात बावन्न होती. पहिली काही वर्षं मी चौथ्या सीटवर काढली. ज्यांना चौथी सीट माहीत नाही त्यांच्यासाठी: तीन माणसांच्या बाकावर चौथ्याने बसायची पद्धत आहे, त्यात बसतो तो देहाचा एक चतुर्थांश भाग, उरलेला वाटेत उभा असतो. पुढे बढती होत होत मी खिडकीपर्यंत पोचलो. बँकेत मला तीन बढत्या मिळाल्या, पण खिडकी मिळाली त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. ब्रीफकेस मांडीवर आडवी टाकून पत्ते. पलीकडच्या डब्यात भजनी मंडळ, त्यांचे टाळ आणि आमचा मेंढीकोट यांची लय कुर्ल्यापर्यंत जुळायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं, फोटोला हार, नारळ, पेढे. आमच्यातल्या एकाच्या मुलाला कॉलेजला प्रवेश मिळत नव्हता, तो मुलुंड ते घाटकोपरमध्ये मिळाला. एकाचा घटस्फोट होता होता वाचला. त्याला समजावण्यात गाडी रखडलेली आमच्या लक्षातसुद्धा आली नाही. २००५ साली निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' आला. त्यातला नायकही बँकेतला, डोंबिवलीचा, आणि रोजच्या त्या रहाटगाडग्यात एक दिवस पिसाळून उठतो. सिनेमा उत्तम होता. आमच्या ग्रुपचं त्यावर एकमत झालं: त्याला ग्रुप नव्हता.

याच गाडीत, याच जागेवर बसून आम्ही रोज म्हणायचो, "एकदा का रिटायर झालो की या गाडीचं तोंड बघणार नाही."

टेक्सासच्या बायका खोटं बोलल्या असं मी म्हणत नाही. पण मला जरा धीर दिला तो शिकागोच्या अभ्यासाने. २०१४ साली निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर यांनी तिथल्या गाडीने कामावर जाणाऱ्यांपैकी काहींना सांगितलं, शेजारच्या अनोळखी माणसाशी बोला. काहींना सांगितलं, गप्प बसा. लोकांची खात्री होती, की गप्प बसल्यावर प्रवास सुखाचा होईल. झालं उलटं. बोललेल्यांचा प्रवास जास्त आनंदात गेला. शेजाऱ्याशी बोला म्हणून सांगायला तिथे विद्यापीठाची माणसं लागली. आमच्याकडे मुंब्र्याला चढलेला माणूस कळव्यालाच विचारतो, "कुठे उतरणार?" आणि घाटकोपर यायच्या आत तुमचा पगार.

निवृत्तीच्या सुखाबद्दल समाजाने मला जे जे सांगितलं होतं ते सगळं मी प्रामाणिकपणे करून पाहिलं. उशिरापर्यंत झोपलो. पाठ दुखली. राहून गेलेली पुस्तकं काढली आणि ती का राहून गेली होती ते कळलं. कोकणातल्या घरी जाऊन राहायचं हे तर तीस वर्षांचं स्वप्न. तिथे चौथ्या दिवशी माझी चुलत वहिनी म्हणाली, "भाऊजी, परतीचं तिकीट कधीचं?" मेहुण्याने बागेतल्या हास्यक्लबात नेलं. ही चळवळ मूळची मुंबईचीच. १९९५ साली डॉ. मदन कटारिया यांनी पाच माणसांत सुरू केली. सुरुवातीला ते एकमेकांना विनोद सांगत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, म्हणून विनोदाशिवाय हसायची पद्धत काढावी लागली. यात माझा एक अनुभवाचा मुद्दा आहे. आमच्या ग्रुपचे विनोद सदतीस वर्षं पुरले, कारण ते तेच होते.

सगळ्यात मोठी समजूत नवरा-बायकोची. आयुष्यभर धावपळ, एकमेकांना वेळ देता आला नाही, आता दोघं निवांत. हे वाक्य निरोप समारंभात तीन वक्त्यांनी म्हटलं. तिघेही अजून नोकरीत होते. मी निवांतपणे घरी बसलो आणि मला कळलं, की सकाळी साडेसात ते रात्री आठ या वेळेत या घरात एक स्वतंत्र राज्य नांदत होतं. त्याला स्वतःचा चहा होता, स्वतःचा रेडिओ होता, अकराची एक मैत्रीण होती, दुपारची पाऊण तासाची झोप होती. त्यात मी मेहुण्याच्या सल्ल्याने फ्रिजमधल्या डब्यांना तारखा चिकटवायला सुरुवात केली. चौथ्या तारखेला बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला बँकेत परत घेत नाहीत का?"

खरं सांगू? माणूस खूश होतो त्या गोष्टी मामीच्या यादीत कधी नसतातच, कारण त्या चारचौघांत बोलता येत नाहीत. ज्या लग्नाला जाणं टाळता येत नव्हतं ते नेमकं आपला पाय मुरगळलेल्या आठवड्यात येणं. नळाला पाणी नाही म्हणून जीव कासावीस झालेला असताना शेजारीही नाही हे कळणं. पाहुण्यांनी तिसऱ्यांदा "निघतो" म्हणून या वेळी खरोखर चप्पल घालणं. समोरचा माणूस दादरला उतरणार आहे ही आतली बातमी फक्त आपल्याला असणं. यातल्या एकाचंही कुणी अभिनंदन करत नाही, शाल देत नाही, पेढे मागत नाही.

गेल्या महिन्यात मी डोंबिवली ते सीएसएमटी पास काढला. बायकोला सांगितलं, तर तिने कारण विचारलं नाही. पहिल्या दिवशी सहाला उठून डबा मात्र केला. मी म्हटलं, "अगं, मी नुसता जाऊन येणार आहे." ती म्हणाली, "असू दे. घाई करू नका."

सात बावन्न आता सात एकोणपन्नासला सुटते. ग्रुप निम्मा नवा आहे. पत्ते मोबाइलवर गेलेत, पण भांडण तेच आहे. एका तिशीच्या पोराने "काका, बसा" म्हणून जागा दिली. खिडकी नव्हे, चौथी सीट. मी पुन्हा तळापासून सुरुवात केली आहे. बोरीबंदरला उतरून चहा पितो, बँकेच्या दारावरून एक फेरी मारतो, आत जात नाही, आणि साडेदहाच्या रिकाम्या गाडीने परत येतो.

परवा निघताना छत्री विसरलो म्हणून जिन्यातून परत वर आलो. दार लोटलेलं होतं. आत रेडिओ लागला होता, कुकरची शिट्टी होत होती, आणि बायको फोनवर बहिणीशी बोलत होती. इतका मोकळा, हसरा आवाज मी या घरात बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. ती म्हणत होती, "हो गं, गेले एकदाचे!"

छत्री न घेताच उतरलो. पास तिमाही आहे.